फेसाला कळू न देता

१९ लिटरचं स्टीलचं पिंप बियरने गळ्यापर्यंत भरलेलं आहे. आता यात पेलाभरही काही मावणार नाही, असं कुणीही म्हणेल. पण त्या बियरमध्ये त्या घडीला सुमारे ४७ लिटर कार्बन डायऑक्साइड वायू मुरलेला असतो. पिंपाच्या अडीचपट! हा वायू मोकळा केला तर त्याला ठेवायला अशी अडीच पिंपं लागतील. आणि आत्ता तो पाण्याच्या रेणूंच्या सांदीकोपऱ्यात असा काही बसला आहे की त्याच्यामुळे बियरची पातळी शंभर मिलिलिटरनेही वाढलेली नाही. वजन म्हणाल तर साधारण ९३ ग्रॅम.

आता ही बियर दुसऱ्या पिंपात काढायची आहे, आणि तीही अशी की त्या ४७ लिटरांनी जागा सोडता कामा नये. पाणी असतं तर ओतून मोकळे झालो असतो. बियर ओतली की फेस येतो, आणि फेस म्हणजे पळून चाललेला वायू. रिकाम्या पिंपाचं तोंड उघडून त्यात बियर सोडली, तर काही क्षणांत पिंप पांढऱ्या फेसाने भरून वाहू लागतं. तळाशी जेमतेम चार-पाच लिटर बियर साचलेली असते आणि तीही मिळमिळीत. यावर जो तोडगा निघाला आहे, तो मला विज्ञानातल्या फार देखण्या तोडग्यांपैकी एक वाटतो. त्यात पंप नाही, मोटर नाही. एक-दोन नळ्या आणि दाबातला अगदी बारीक फरक, एवढ्यावर सगळं चालतं.

हे काम घरोघरी चालतं ते मुख्यतः अमेरिकेत. तिथली दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बियर राहून गेली. तिच्यासाठी १९७८ साल उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबरात कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बियर स्वतःपुरती करता येऊ लागली. राज्यांचे कायदे निराळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी अणुअभियांत्रिकी शिकलेले चार्ली पापाझियन लोकांना घरच्या बियरचे धडे देत होते. 'अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन' ही संघटना १९७८ मध्येच तिथे उभी राहिली.

या मंडळींना भांडी मिळाली ती शीतपेयांच्या धंद्यातून. मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीने शीतपेयाचा पाक हॉटेलांत पोचवण्यासाठी स्टीलची उंच, सडपातळ पिंपं केली होती. पेप्सी-कोकची मंडळी पुढे खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळली आणि ही पिंपं भंगाराच्या भावात बाजारात आली. घरी बियर करणाऱ्यांनी ती उचलली. आज नवी पिंपं खास त्यांच्यासाठी बनतात, तरी आकार तोच आणि लाडकं नावही तेच आहे: 'कॉर्नी केग'.

हे पिंप जवळून पाहण्यासारखं आहे. उंची सुमारे ६३ सेंटिमीटर, रिकाम्याचं वजन साडेचार किलोच्या आसपास. वर दोन तोट्या. एकीला आतून बोटभर लांबीची नळी असते, ती वायूची. दुसरीची नळी थेट तळापर्यंत जाते, ती बियरची. आणि मधोमध एक झाकण. झाकण लंबगोल का असावं, असा प्रश्न पडतो. गोल झाकण त्याच मापाच्या भोकातून आत जाणार नाही. लंबगोल झाकण मात्र तिरकं करून आत घालता येतं आणि मग फिरवून आतूनच वर ओढून बसवता येतं. भोवती रबराची कडी असते. आत वायू भरला की तोच झाकणाला आतून वर रेटतो आणि रबर घट्ट बसतं. जितका दाब जास्त, तितकं झाकण पक्कं! उघडायचं असेल तर आधी दाब सोडावाच लागतो, एरवी कितीही जोर केला तरी ते हलत नाही.

हीच युक्ती आपल्याकडे गल्लोगल्ली विकली गेली आहे. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात पेटंट करून घेतली. ती सोड्याने भरून उपडी करायची, गोटी घरंगळत गळ्यातल्या रबरी कडीवर येऊन बसायची आणि सोड्यातला वायूच तिला तिथे रेटून धरायचा. बूच नाही, दोरा नाही. जो पळून जाऊ पाहतो, त्यालाच दाराशी पहारेकरी म्हणून उभं केलं आहे.

एका पिंपातली चांगली फसफसती बियर दुसऱ्यात काढायचीच कशाला? कारण बहुतेक वेळा गाळ. बियर थंडीत मुरत असताना यीस्ट आणि हॉप्सच्या फुलांचा चुरा तळाशी बसतो आणि वर सोन्यासारखी नितळ बियर राहते. मग ते पिंप गाडीत घालून मित्राच्या घरी न्यायचं म्हटलं की पहिल्याच गतिरोधकावर सगळा गाळ वर येतो. त्यापेक्षा नितळ बियर दुसऱ्या पिंपात काढून घेणं बरं. कधी दोन अर्धी पिंपं एक करायची असतात. कधी फ्रीजमधली जागाच मोकळी करायची असते.

आता त्या वायूकडे येऊ. त्याची गोष्ट बियरच्या कारखान्यातच सुरू होते. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्स गावी राहायला आले. त्यांचं घर एका बियर कारखान्याला लागून होतं. आंबणाऱ्या बियरच्या हौदांवर एक जड हवा तरंगत असते आणि तिच्यात धरलेली जळती काडी विझते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी त्या हवेच्या थरात दोन भांडी धरली आणि एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात असं ओतत राहिले. काही मिनिटांत पाण्याला चुणचुणीत चव आली. माणसाने स्वतः तयार केलेल्या सोड्याचा हा आरंभ. १७७२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं.

यात मला फार मोठं नवल वाटतं ते असं: प्रीस्टलींनी दोन भांड्यांत पाणी खालीवर केलं तेव्हा वायू पाण्यात शिरला. आपण दोन भांड्यांत बियर खालीवर केली तर वायू बियरमधून निघून जातो. कृती तंतोतंत एकच. ओतण्याने वायू शिरतही नाही की निघतही नाही. ओतण्याने फक्त घाई होते. आत जायचं की बाहेर यायचं, हे ठरतं भोवती काय आहे त्यावरून. प्रीस्टलींच्या भांड्यांभोवती कार्बन डायऑक्साइडचा थर होता आणि आपल्या भोवती साधी हवा आहे, जिच्यात हा वायू जवळजवळ नाहीच.

याचा हिशेब मांडला मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि कृत्रिम खनिज पाणी विकत, तेव्हा फसफसणारं पाणी हा त्यांच्या घरचाच विषय. हेन्री यांचा नियम असा: ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू मुरेल हे त्या द्रवावर त्याच वायूचा किती दाब आहे, यावर सरळ अवलंबून असतं. दाब दुप्पट केला तर मुरलेला वायू दुप्पट. दाब काढला की तो बाहेर. तापमानाचा भाग वेगळा: शून्य अंश सेल्सिअसला पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे १.७ पट कार्बन डायऑक्साइड धरतं, वीस अंशांना तेच ०.८८ पटीवर येतं. म्हणूनच फ्रीजमध्ये चार अंशांवर बियरमध्ये अडीचपट वायू ठेवायला वातावरणाच्या वर दर चौरस इंचाला ११-१२ पौंड, म्हणजे ११-१२ पीएसआय दाब पुरतो. तीच बियर वीस अंशांच्या खोलीत ठेवायची तर २८ च्या आसपास लागतो.

म्हणजे बियरमधला वायू कुणी कोंडलेला नसतो. आतून बाहेर येऊ पाहणारा आणि बाहेरून आत जाऊ पाहणारा, यांचा सौदा बरोबरीत सुटलेला असतो. बियरच्या पृष्ठभागावर दर क्षणी असंख्य रेणू बाहेर पडतात आणि तितकेच आत शिरतात. बरोबरी मोडली नाही, तर पिंप वर्षभर तसंच राहील.

बरोबरी मोडली, तरी लगेच फेस येत नाही. इथे दुसरं आश्चर्य आहे. बुडबुडा जन्माला येणं फार अवघड असतं. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो आणि बुडबुडा जितका लहान, तितकी त्याची कातडी त्याला जास्त आवळते. बारा पीएसआयची बियर अचानक उघड्यावर आणली, तर ज्याची त्रिज्या सुमारे एक मायक्रॉनहून कमी आहे असा बुडबुडा जगू शकत नाही. तो आवळला जाऊन पुन्हा विरघळतो. आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज घ्या. मग इतके बुडबुडे येतात कुठून? ते शून्यातून येत नाहीत. कुठेतरी हवेचा एखादा कण आधीच अडकलेला असतो, पात्राच्या चरेत, धुळीत, पुसायच्या फडक्याच्या तंतूत. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या पेल्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. पेल्याच्या एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ सुटते, तिच्या मुळाशी बहुधा सेल्युलोजचा एखादा पोकळ तंतू असतो, असं त्यांनी दाखवलं.

आणि ओतताना काय होतं? धार हवा ओढून नेते, ढवळते, फोडते. एक मायक्रॉनहून मोठे तयार बुडबुडे लाखोंनी आत घुसतात. ज्याची वायू वाट पाहत होता ते दार ओतणाऱ्यानेच उघडून दिलं!

तेव्हा बियर हलवताना दोन पथ्यं पाळायची. दाबाची बरोबरी मोडू द्यायची नाही आणि खळबळ होऊ द्यायची नाही. एखाद्या गॅरेजात हे कसं घडतं ते पाहू.

दोन्ही पिंपं आदल्या रात्रीपासून थंड केलेली असतात. रिकामंसुद्धा. नाहीतर कोमट स्टीलला लागून पहिले दोन-तीन लिटर तापतात आणि तिथेच फेसाला सुरुवात होते. रिकामं म्हटलं तरी ते रिकामं नसतं. त्यातली हवा काढून टाकलेली असते आणि भरलेल्या पिंपात जितका दाब आहे, तितक्याच दाबाने कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. समजा दोन्हीकडे बारा. आता बियरच्या तोटीला एक पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक दुसऱ्या पिंपाच्या बियरच्याच तोटीला. वायूच्या तोटीला नव्हे. कारण बियरच्या तोटीची नळी आत तळापर्यंत जाते, त्यामुळे येणारी बियर वरून पडत नाही, तळातून शांतपणे चढते.

नळी जोडली. आणि काहीच घडत नाही. थोडीशी बियर नळीत डोकावते आणि थांबते. एका बाजूला १९ लिटर बियर, दुसऱ्या बाजूला पोकळ पिंप, मध्ये उघडी वाट, तरी सगळं स्तब्ध. दोन्हीकडून सारखाच रेटा आहे. आपण जन्मभर हवेच्या प्रचंड थराखाली वावरतो आणि आपल्याला त्याचा भार जाणवत नाही, त्यामागचं कारण इथे तुमच्यासमोर नळीत उभं असतं.

आता भरलेल्या पिंपाला सिलिंडर जोडून दाब दोन-तीन पीएसआयने वाढवायचा, म्हणजे १४-१५ करायचा. दुसऱ्या पिंपाच्या वायूच्या तोटीवर दाब ठरवून देता येणारी झडप बसवलेली असते. ती बारावर लावलेली. बाराच्या वर दाब गेला की ती हळूच उघडते आणि जादा वायू बाहेर सोडते. बारीक 'स्स्स' असा आवाज येऊ लागतो आणि बियर निघते. जर्मन ब्रुअर बियर आंबत असतानाच पिंप बंद करून तिचा स्वतःचा वायू तिच्यातच मुरवतात. त्या कामासाठी निघालेली ही झडप. तिचं नावही तिकडचंच, स्पुंडिंग व्हॉल्व्ह.

नळीकडे पाहा. आत एकही बुडबुडा नाही. मधाच्या रंगाची सलग कांडी. ती वाहते आहे की थांबली आहे, हे डोळ्यांना कळत नाही! कारण वाहतं पाणी आपल्याला दिसतं ते त्यातल्या बुडबुड्यांमुळे आणि खळाळामुळे, आणि इथे दोन्ही नाहीत. कळतं ते फक्त वजनकाट्यावर. दुसरं पिंप काट्यावर ठेवलेलं असतं आणि आकडा सरकत असतो: चार किलो, सहा किलो, नऊ किलो. काटा नसेल तर पिंपाच्या अंगावर हात फिरवून पाहतात. पावसाळी, दमट हवेत स्टीलवर दव धरतं आणि त्याची कड आतल्या बियरसोबत वर चढताना दिसते.

या वाटेवर दाब पायरीपायरीने उतरतो. सुरुवातीला पंधरा, नळीच्या घर्षणात थोडा जातो, शेवटी बारा. बियर ज्या दाबावर तृप्त आहे तो बाराच. म्हणजे पूर्ण प्रवासात ती कधीही त्याच्या खाली येत नाही. तिच्या दृष्टीने बूच कधी निघालेलंच नाही. कुणी उतावळेपणाने झडप मोकळी केली, तर दुसरीकडचा दाब कोसळतो आणि नळीत लगेच पांढरी रेघ उमटते. झडप मिटली, दाब परत चढला की ती विरते. १९ लिटरांना वीस मिनिटं लागली तर लागू द्यावीत. कारण फेस होऊन गेलेली बियर पुन्हा थंड करून, पुन्हा वायू मुरवून दुरुस्त करता येते, पण पेल्यातला तिचा फेस पूर्वीसारखा टिकत नाही. फेसाला उभं धरणारी प्रथिनं एकदा फेसात खर्ची पडली की ती जशीच्या तशी परत मिळत नाहीत, असा ब्रुअर लोकांचा अनुभव आहे.

त्याहून देखणी रीत सिलिंडरशिवायची आहे, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यांत सुंदर तीच. भरलेलं पिंप ओट्यावर, दुसरं जमिनीवर. बियरच्या दोन तोट्या एका नळीने जोडायच्या आणि वायूच्या दोन तोट्या दुसऱ्या नळीने. दुसऱ्या पिंपातला दाब क्षणभर किंचित सोडून बियरची धार नळीतून खाली आणायची आणि मग हात बाजूला. बियर आपल्या वजनाने खाली उतरते आणि तिने खालच्या पिंपात ज्या वायूची जागा घेतली, तो दुसऱ्या नळीतून वर जाऊन तिने मोकळी केलेली जागा घेतो. एक लिटर खाली, एक लिटर वर. वायूचा एक थेंबही बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. यामागची शक्ती किती? एक मीटर उंचीच्या बियरचा दाब दीडच्या आत, साधारण १.४ पीएसआय भरतो. तेवढ्यावर वीस किलोचा ऐवज जागा बदलतो. खालचं पिंप भरत जातं तसा पातळ्यांतला फरक कमी होतो आणि ओघ मंदावतो.

या रीतीत एक बारकावा आहे. बियर आधी वरच्या पिंपाच्या तळापासून त्याच्या माथ्यापर्यंत चढते आणि मग खाली येते. त्या माथ्यावर दाब पिंपातल्यापेक्षा थोडा, एका पीएसआयपेक्षा कमी, उतरलेला असतो. एवढ्यानेही वळणावर दोन-चार बुडबुडे धरू शकतात. म्हणून जाणते आधीच दोन्ही पिंपांत गरजेपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त ठेवतात.

आता हवेबद्दल. दुसऱ्या पिंपातली हवा काढायची असते ती फेसासाठी नव्हे, ऑक्सिजनसाठी. ऑक्सिजन बियरला शिळी करतो. न्यू इंग्लंड आयपीए नावाची हॉप्सनी भरलेली, धुक्यासारखी पिवळी बियर त्याच्या संगतीत काही दिवसांत मळकट तपकिरी पडते आणि तिचा आंब्या-संत्र्याचा वास जातो. शिळ्या बियरला भिजल्या पुठ्ठ्याची चव येते, ती ज्या ट्रान्स-२-नॉनेनाल या संयुगामुळे, ते एक हजार कोटी भागांत एक भाग असलं तरी जिभेला ओळखू येतं. म्हणून हे लोक हवेच्या मागे हात धुऊन लागतात. पिंपात ३० पीएसआयपर्यंत कार्बन डायऑक्साइड भरून सोडून दिला, की आधीच्या ऑक्सिजनपैकी एक तृतीयांश उरतो. पुन्हा केलं की नववा भाग. असं दहा वेळा केल्यावर २१ टक्क्यांवरून गोष्ट दहा लाखांत तिनांवर येते. पण यात वायू फार वाया जातो. त्यापेक्षा पिंप जंतुनाशक घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचं आणि ते पाणी वायूने ढकलून बाहेर काढायचं. हवेला शिरायला फटच ठेवली नाही, तर काढायची गरज उरत नाही.

तो वायूही विकत घ्यावा लागतो असं नाही. यीस्ट साखर खाऊन आंबवत असतं, तेव्हा साधारण ताकदीची बियर आपल्या आकारमानाच्या जवळजवळ वीसपट कार्बन डायऑक्साइड सोडते. १९ लिटरांच्या एका घाण्यातून साडेतीनशे लिटरांहून जास्त! एरवी तो हवेत जातो. काही जण आंबवण्याच्या भांड्याची नळी थेट रिकाम्या पिंपातून फिरवून नेतात आणि आठवड्याभरात पिंप बियरच्याच श्वासाने धुऊन निघतं.

मोठ्या कारखान्यांत, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यातल्यासुद्धा, बाटल्या भरतात त्या याच नियमाने. यंत्र बाटलीतली हवा ओढून घेतं, वायू भरतं आणि टाकीतल्या दाबाइतका दाब करतं. जुन्या धाटणीच्या यंत्रांत बियरची झडप स्प्रिंगवर असते आणि दोन्हीकडचे दाब समान झाल्यावरच ती उघडते. त्यामुळे बाटली तडकलेली असेल तर तिच्यात दाब चढत नाही आणि बियर सांडत नाही. सगळ्यात शेवटी एक गंमत: झाकण ठोकण्याआधी बाटलीत गरम पाण्याची केसाइतकी बारीक धार मारतात. मुद्दाम फेस आणतात. तो फेस वर येताना गळ्यातली हवा बाहेर ढकलतो आणि त्याच्यावरच झाकण बसतं.

बरोबरी मोडली की काय होतं, याचं भयंकर उदाहरण निसर्गाने दिलं आहे. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं सरोवर आहे, दोनशे मीटरहून खोल. ज्वालामुखीतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या तळाशी झिरपत राहतो आणि वीस वातावरणांच्या दाबाखाली पाण्यात मुरत जातो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री ते थर ढवळले गेले. खालचं पाणी वर आलं, वर आल्यावर त्याच्यावरचा दाब उतरला, बुडबुडे सुटले आणि बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं. जड वायूचा लोट दऱ्यांतून पसरला आणि झोपेत असलेली सुमारे १७०० माणसं गुदमरून गेली. २००१ मध्ये अभियंत्यांनी तिथे तळापर्यंत एक पाइप सोडला. सुरुवातीला थोडं पाणी पंपाने वर खेचलं आणि पंप बंद केला. पाइपातल्या पाण्यातून वायू सुटत राहिला आणि सुमारे पन्नास मीटर उंचीचं कारंजं आपोआप चालू राहिलं. सरोवरातला वायू थोडाथोडा, ठरवून बाहेर काढण्याचा हा मार्ग. पाणबुड्यांच्या रक्तातला नायट्रोजनही याच नियमाने वागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९०८ मध्ये पायऱ्या घेत वर येण्याची तक्ती दिली, आणि तीही दाब एकदम न सोडण्याचीच तक्ती आहे.

घरी हे करणाऱ्यांनी जपायचं ते सिलिंडरला. वीस अंशांना त्याच्या आत ५७ वातावरणांच्या घरात दाब असतो आणि पिंपाला लागतो एकाहूनही कमी. मध्ये रेग्युलेटर नसेल तर जोडणीला हातही लावू नये. प्लॅस्टिकच्या आंबवण्याच्या भांड्यांना दाब देऊ नये आणि बंद खोलीत वायू सोडू नये, कारण तो जमिनीलगत साचतो.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा हा खटाटोप इथे करू नका. पण त्यातला गाभा पाहायला प्लॅस्टिकच्या बाटलीतला थंड सोडा पुरतो. बाटली उजेडात धरा. आत एकही बुडबुडा दिसणार नाही. झाकण अगदी हळू, आवाज येईल इतपतच सैल करा. बुडबुडे उठतील. आता झाकण घट्ट आवळा आणि थोडा वेळ पाहत राहा. बुडबुडे विरळ होत जातील आणि थांबतील, बाटली पुन्हा टणक लागेल आणि सोडा परत नितळ दिसेल. मुलं घरात असतील तर त्यांनाही बोलवा.